घूर्णवाती वादळातील भोवऱ्याची गतिकी व अस्थैर्य : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना

३ जून २०२० रोजी दुपारी साडेबारा ते अडीच या वेळेत 'निसर्ग' हे तीव्र चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. भारतीय हवामानशास्त्र विभागाने वाऱ्याचा कमाल सातत्यपूर्ण वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर आणि झोतांचा वेग ताशी १२० किलोमीटर असल्याचे नोंदविले. वृत्तपत्रांतून व प्रशासकीय अहवालांतून पुढे हाच आकडा फिरत राहिला. प्रत्यक्षात मात्र श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, तर वादळ जेथे जमिनीवर आले तेथून उत्तरेस सुमारे ६० ते ६५ किलोमीटरवर, पनवेल-उरण मार्गालगत असलेल्या जासई परिसराने त्याचे पुष्कळच सौम्य रूप पाहिले. वादळ एकच आणि जाहीर झालेला आकडाही एकच, पण परिणाम ठिकाणागणिक निराळा.

हा फरक केवळ अंतराचा नाही. फिरणाऱ्या हवेचा वेग कोठे एकवटतो आणि फिरणारा भोवरा कोणत्या अवस्थेत फुटतो, हा द्रायुगतिकीचा प्रश्न आहे. द्रव आणि वायू या दोन्ही वाहणाऱ्या पदार्थांना मिळून 'द्रायू' ही संज्ञा वापरली जाते. या प्रश्नाचा सर्वांत सखोल अभ्यास चक्रीवादळावर नव्हे, तर त्याहून कितीतरी लहान असलेल्या घूर्णवाती वादळावर, म्हणजे टोर्नेडोवर झाला आहे. म्हणून प्रस्तुत लेखात प्रथम घूर्णवाती वादळातील भोवऱ्याचे स्वरूप पाहून मग त्या प्रकाशात रायगड किनाऱ्याकडे वळले आहे.

तीन भोवरे, तीन मोजमापे

मराठी वृत्तपत्रांत टोर्नेडोलाही पुष्कळदा 'चक्रीवादळ' म्हटले जाते. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या मनात जो गोंधळ निर्माण होतो तो पदवी वर्गापर्यंत टिकून राहतो. चैत्र-वैशाखात देशावरील तापलेल्या माळरानावर उठणारी वावटळ काही मीटर रुंदीची असते. ती जमिनीच्या उष्णतेतून जन्मते, आकाश निरभ्र असतानाच उठते आणि काही मिनिटांत विरते. घूर्णवाती वादळ गडगडाटी मेघाच्या तळापासून जमिनीपर्यंत हत्तीच्या सोंडेसारखे उतरते. त्याची रुंदी सामान्यतः काही दशक ते काही शेकडा मीटर असते. चक्रीवादळ समुद्रावर वाढते, शेकडो किलोमीटर पसरते आणि अनेक दिवस जगते.

पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम या तिघांवर सारखा होत नाही. जासईचे अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर आहेत. या अक्षांशावर पायाखालची जमीन उभ्या अक्षाभोवती एक पूर्ण फेरी घेण्यास सुमारे ७३ ते ७४ तास लावते. पाच मीटर त्रिज्येच्या वावटळीतील हवा सेकंदाला दहा मीटर वेगाने तीन-सव्वातीन सेकंदांत फेरी पूर्ण करते. तिला जमिनीच्या या मंद फिरण्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून वावटळ डावीकडे फिरते तशी उजवीकडेही फिरते. (वावटळीत भूत असते या समजुतीमागे तिचे हे लहरी वळणेही असावे.) चक्रीवादळाच्या परिघावरील हवेला मात्र एका फेरीसाठी एक दिवसाहून अधिक काळ लागू शकतो, म्हणून उत्तर गोलार्धात ते नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच फिरते. घूर्णवाती वादळ या दोहोंच्या मध्ये येते. त्यावर पृथ्वीच्या परिवलनाचा प्रत्यक्ष परिणाम नगण्य असतो, पण त्याला जन्म देणारा मेघ बहुधा एकाच दिशेने फिरत असल्यामुळे बहुसंख्य घूर्णवाती वादळेही त्याच दिशेने फिरतात.

भारतीय उपखंडात घूर्णवाती वादळे दुर्मीळ आहेत, पण अपरिचित नाहीत. १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत, विद्यापीठाच्या परिसरातून गेलेल्या एका अरुंद घूर्णवाती वादळात २८ माणसे दगावली व सुमारे ७०० जखमी झाली. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील दौलतपूर-सतुरिया भागात सुमारे १,३०० बळी गेल्याचे मानले जाते. ३१ मार्च २०२४ रोजी पश्चिम बंगालमधील जलपायगुडी जिल्ह्यातही असे वादळ झाले. पूर्व भारतात बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा खाली आणि पश्चिमेकडून येणारी कोरडी, वेगवान हवा वर अशी रचना चैत्रात जुळून येते. उंचीनुसार वारा असा झपाट्याने बदलला की मेघ स्वतःभोवती फिरू लागतो. महाराष्ट्रातील वळवाच्या मेघांत ऊर्ध्व प्रवाह जोरकस असतो, परंतु वाऱ्यातील हा उभा फरक तुलनेने कमी असतो. त्यामुळे गारा पडतात, विजा कोसळतात, झाडे उन्मळतात, परंतु सोंड क्वचितच उतरते.

त्रिज्या घटते, वेग वाढतो

भोवऱ्याचा मूळ नियम साधा आहे. फिरणाऱ्या वस्तूचा वेग आणि तिचे अक्षापासूनचे अंतर यांचा गुणाकार, म्हणजेच एकक वस्तुमानाचा कोनीय संवेग, बाहेरून पीळ न पडल्यास कायम राहतो. दोन किलोमीटर त्रिज्येवर सेकंदाला पाच मीटर वेगाने, म्हणजे सायकलच्या गतीने फिरणारी हवा घर्षणाविना शंभर मीटर त्रिज्येपर्यंत ओढली गेली, तर तिचा वेग सेकंदाला शंभर मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर होईल. ऊर्जा कोठून आली, असा प्रश्न येथे विद्यार्थी हमखास विचारतात. उत्तर असे की, मेघातील ऊर्ध्व प्रवाहाने केंद्रात कमी दाब निर्माण केलेला असतो आणि त्या दाबाने हवा आत ओढताना केलेले कार्य गतिज ऊर्जेच्या रूपाने दिसते.

हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर करून पाहण्याजोगा आहे. जासईच्या अक्षांशावर जमिनीच्या सापेक्ष पूर्णपणे स्तब्ध असलेली हवासुद्धा पृथ्वीबरोबर फिरत असतेच. अशी हवा २०० किलोमीटर अंतरावरून २० किलोमीटर अंतरापर्यंत घर्षणाविना आणली, तर तिचा वेग सेकंदाला सुमारे ४७ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १७० किलोमीटर येतो. हा आकडा केवळ उदाहरणादाखल घेतलेल्या अंतरांचा आहे, 'निसर्ग'च्या मोजमापाचा नव्हे. तरीही कोकणच्या किनाऱ्यावरील शांत हवेत केवढा वेग दडलेला असतो हे त्यावरून ध्यानात येते. प्रत्यक्षातील वेग त्याहून कमी भरतो, कारण आत येता येता समुद्राशी व जमिनीशी होणारे घर्षण कोनीय संवेगाचा काही भाग काढून घेते.

केंद्रातील दाबाची घटही अजमावता येते. गाभा एखाद्या घन चकतीसारखा फिरतो आणि बाहेर वेग अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो असे मानले, तर दाबातील एकूण घट ही हवेची घनता गुणिले कमाल वेगाचा वर्ग इतकी येते. २४ जून २००३ रोजी अमेरिकेतील दक्षिण डकोटा राज्यात मँचेस्टर या वस्तीजवळ टिम समारास या संशोधकाने वादळाच्या वाटेत ठेवलेल्या उपकरणाने १०० हेक्टोपास्कलची घट नोंदविली. वरील सूत्राने त्यावरून वेग काढला तर तो सेकंदाला सुमारे ९५ मीटर येतो. तुलनेसाठी, 'निसर्ग'च्या केंद्रातील किमान दाब ९८४ हेक्टोपास्कल होता, म्हणजे सभोवतालपेक्षा सुमारे वीसच हेक्टोपास्कलने कमी.

घर्षणाचा उलटा न्याय

घर्षणाने गती मंदावते ही शालेय पाठ्यपुस्तकातील शिकवण भोवऱ्याच्या तळाशी अपुरी पडते. पेल्यातील चहा चमच्याने ढवळून थांबले की तळाची चहापूड कडेला न जाता मधोमध गोळा होते. फिरणारे कण बाहेर फेकले जावेत अशी अपेक्षा असताना हे का घडते, याचे स्पष्टीकरण आइनस्टाइन यांनी १९२६ मध्ये नद्यांच्या नागमोडी वळणांविषयीच्या लेखात दिले होते. पेल्याच्या मध्यभागी दाबाचा उतार आणि केंद्रोत्सारी प्रेरणा यांचा तोल असतो. तळाशी घर्षणामुळे पाणी मंदावते, केंद्रोत्सारी प्रेरणा घटते, परंतु वरून लादलेला दाबाचा उतार तसाच राहतो. तोल बिघडतो आणि तळाचा थर केंद्राकडे धावतो.

घूर्णवाती वादळात नेमके हेच घडते, पण परिणाम कितीतरी उग्र असतो. जमिनीलगतच्या काही दशक मीटरांच्या थरात हवा आत धावते. आपल्या जडत्वामुळे ती जेथे थांबावयास हवी त्या त्रिज्येच्याही आत शिरते, आणि मग एकाएकी वळून वर चढते. घर्षणाने तिच्या कोनीय संवेगाचा काही भाग घेतलेला असतो खरा, पण त्रिज्या त्याहून अधिक प्रमाणात घटलेली असते. परिणामी भोवऱ्यातील सर्वाधिक वेग आकाशात नव्हे, तर घरांच्या व झाडांच्या उंचीवर आढळतो. घर्षण नसते तर घूर्णवाती वादळाचा जमिनीवरील तडाखा सौम्य झाला असता. या विषयातील ही सर्वांत विलक्षण गोष्ट, पण पाठ्यपुस्तके तिला एका ओळीत उरकतात.

रडारची मर्यादाही येथेच लक्षात येते. रडारची शलाका अर्ध्या अंशाच्या कोनात सोडली, तर २० किलोमीटरवर, म्हणजे साधारण कुलाबा ते जासई इतक्या अंतरावर, तिचा मध्य सुमारे २०० मीटर उंचीवरून जातो. ५० किलोमीटरवर ती उंची सुमारे ५८० मीटर होते. शलाका एक अंश रुंद असल्यास २० किलोमीटरवर तिची रुंदीच साडेतीनशे मीटर भरते. ज्या थरात वेग एकवटतो तो बहुतांशी या दृष्टीच्या खालीच राहतो.

भोवऱ्याचे अस्थैर्य

एवढा वेग असूनही भोवरा चटकन विस्कटत का नाही? लॉर्ड रॅले यांनी १९१६ मध्ये दिलेला निकष सांगतो की, कोनीय संवेगाचा वर्ग केंद्राकडून बाहेर वाढत असेल तर फिरता प्रवाह स्थिर राहतो. घन चकतीसारख्या फिरणाऱ्या गाभ्यात तो वाढतच असतो. आतला कण बाहेर ढकलला तर तो परत आत ओढला जातो, बाहेरचा आत ढकलला तर तो बाहेर फेकला जातो. गाभा ताणलेल्या रबरासारखा वागतो, त्यावरून लहरी धावतात, पण तो तुटत नाही.

अस्थैर्य निराळ्या वाटेने शिरते. ऊर्ध्व प्रवाहाच्या कडेवरील फिरण्याचा वेग आणि प्रवाहाचा सरासरी ऊर्ध्व वेग यांच्या गुणोत्तराला 'स्वर्ल गुणोत्तर' म्हणतात. नील वॉर्ड यांनी प्रयोगशाळेतील कक्षात कृत्रिम भोवरा निर्माण करून १९७२ मध्ये दाखवून दिले की, भोवऱ्याचे रूप मुख्यतः या गुणोत्तरावर ठरते. गुणोत्तर अल्प असता एकच अरुंद, गुळगुळीत भोवरा दिसतो. ते वाढू लागले की अक्षावरून वेगाने वर जाणारी धार एका उंचीवर एकाएकी फुगते व खळबळते. याला भोवऱ्याचा 'भंग' म्हणतात. मोरीत नळाची धार फरशीवर पडली की पाण्याचा पातळ थर गोलाकार पसरतो आणि ठरावीक अंतरावर अचानक जाड होतो, तशीच ही घटना आहे. धारेच्या वेगवान भागात लहरी उलट दिशेने जाऊ शकत नाहीत, मंद भागात जाऊ शकतात, आणि या दोन अवस्थांची गाठ जेथे पडते तेथे हा भंग होतो. त्रिकोणी पंखांच्या विमानांवरील भोवऱ्यांत हीच घटना १९५० च्या दशकात आढळली होती.

गुणोत्तर आणखी वाढले की भंगाचे स्थान खाली सरकत जमिनीला टेकते. अक्षावरून हवा आता वर जाण्याऐवजी खाली उतरू लागते आणि भोवऱ्याचे भ्रमण गाभ्यातून निघून एका कड्यात एकवटते. कड्याच्या आत मंद हवा, बाहेर वेगवान हवा. दोन थर भिन्न वेगांनी एकमेकांवर घासत असतील तर त्यांच्या सीमेवर लाटा उठतात आणि गुंडाळल्या जातात. येथे ती सीमा वर्तुळाकार असल्यामुळे कडे फुटून बहुधा दोन ते सहा लहान भोवरे तयार होतात व ते मुख्य अक्षाभोवती फिरू लागतात.

मूळ जपानी असलेले शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी अमेरिकेत विमानातून काढलेल्या छायाचित्रांत, शेतांत उमटलेल्या वळणदार खुणांवरून हे उपभोवरे ओळखले. ११ मे १९७० रोजी टेक्सासमधील लबक शहरात झालेल्या हानीचा त्यांचा अभ्यास या संदर्भात मोलाचा ठरला. एका घराचा पाया तेवढा उरतो आणि शेजारच्या घराची कौले शाबूत राहतात, याला आपल्याकडे दैव म्हटले जाते. हिशेब मांडला तर त्यात गूढ फारसे उरत नाही. मुख्य भोवऱ्याचा वेग सेकंदाला ५० मीटर, उपभोवऱ्याचा ३० मीटर आणि संपूर्ण वादळाचा पुढे सरकण्याचा १५ मीटर असेल, तर उपभोवऱ्याच्या एका कडेला तिन्हींची बेरीज ९५ मीटर होते, दुसऱ्या कडेला केवळ ३५ मीटर. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे या दोन कडांवरील दाबांत सात पटींहून अधिक तफावत पडते.

३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमा राज्यातील एल रेनो येथे झालेल्या घूर्णवाती वादळाची कमाल रुंदी सुमारे ४.२ किलोमीटर होती. मँचेस्टरची नोंद घेणारे टिम समारास, त्यांचे पुत्र पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघेही त्यात मृत्युमुखी पडले. पुढे फिरत्या रडारच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात, मुख्य भोवऱ्याच्या आत वेगाने फिरणाऱ्या उपभोवऱ्यानेच त्यांच्या गाडीला गाठल्याचे दिसून आले. भोवऱ्याची सरासरी गती व दिशा या अनुभवी माणसांना ठाऊक होती, पण त्याच्या आतील भोवऱ्याची चाल त्याहून निराळी होती.

पुन्हा रायगडचा किनारा

चक्रीवादळाच्या डोळ्याभोवतीचे मेघांचे कडेही भ्रमणाचे एक कडेच असते, आणि त्यालाही हेच अस्थैर्य लागू पडते. सप्टेंबर २००३ मध्ये अटलांटिकवरील 'इझाबेल' वादळाच्या डोळ्यात उपग्रहांनी असे लहान भोवरे पंचकोनी रचनेत टिपले. १९९२ च्या 'अँड्र्यू' वादळाने फ्लोरिडात केलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या विध्वंसाचा संबंध फुजिता यांनी अशाच लहान भोवऱ्यांशी जोडला होता. 'निसर्ग'च्या हानीकडे पाहताना ही शक्यता ध्यानात ठेवावी, परंतु श्रीवर्धन व जासई यांच्यातील फरकाचे मुख्य कारण त्याहून सरळ आहे.

'निसर्ग' ईशान्येकडे सरकत होते. त्याच्या मार्गाच्या उजव्या बाजूस, म्हणजे आग्नेयेस, फिरण्याचा वेग आणि पुढे जाण्याचा वेग यांची बेरीज झाली, तर डाव्या बाजूस वजाबाकी. श्रीवर्धन वादळाच्या प्रवेशबिंदूच्या दक्षिणेस, उजव्या बाजूला आले. तेथे वारा पश्चिमेकडून, थेट समुद्रावरून येत होता आणि पाण्याच्या पृष्ठाशी होणारे घर्षण कमी असल्यामुळे तो फारसा मंदावला नव्हता. जासई उत्तरेस, डाव्या बाजूला होती. तिकडील वारा पूर्वेकडून, डोंगर व वस्त्या ओलांडून आला. वादळ ६०-७० किलोमीटर उत्तरेकडून जमिनीवर आले असते, तर जासई त्या उजव्या बाजूला आली असती. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले होते, तेव्हा हा विचार केवळ कल्पनेचा नाही.

जासई ते न्हावा-शेवा या पट्ट्यात आता शेतांच्या व मिठागरांच्या जागी कंटेनरांची यार्डे आणि गोदामे उभी आहेत. चाळीस फुटी रिकाम्या कंटेनरचे वजन सुमारे ३,८०० किलोग्रॅम असते आणि त्याच्या लांब बाजूचे क्षेत्रफळ सुमारे ३१.६ चौरस मीटर. वाऱ्याच्या अवरोधाचा गुणांक १.२ व पोलादावरील पोलादाच्या घर्षणाचा गुणांक ०.५ धरला, तर वारा त्या बाजूवर काटकोनात आदळत असताना ताशी सुमारे १०५ किलोमीटर वेगास थप्पीतील वरचा कंटेनर सरकू लागतो, आणि १४५ किलोमीटरच्या आसपास तो उलथतो. हा स्थूल अंदाज आहे. तथापि 'निसर्ग'च्या झोतांचा नोंदविलेला वेग या दोन मर्यादांच्या मध्ये पडतो, ही बाब नजरेआड करण्याजोगी नाही. जहाजावर कंटेनर कोपऱ्यांशी ट्विस्टलॉकने जखडलेले असतात, यार्डात बहुधा नुसतेच एकावर एक ठेवलेले असतात.

इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयीचे भारतीय मानक ८७५, भाग ३, मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर हा मूलभूत वेग धरते. तो तीन सेकंदांच्या झोताचा वेग आहे, म्हणजे सरासरीपेक्षा झोताला महत्त्व देण्याचे तत्त्व मानकाने स्वीकारलेलेच आहे. या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळप्रवण किनाऱ्यालगतच्या ६० किलोमीटर रुंद पट्ट्यासाठी वाढीव गुणक दिला आहे. औद्योगिक बांधकामांसाठी तो १.१५ आहे, म्हणजे वाऱ्याचा दाब सुमारे ३२ टक्क्यांनी अधिक धरावा लागतो. त्या पट्ट्यात देशाचा संपूर्ण पूर्व किनारा आणि पश्चिमेस गुजरातचा किनारा समाविष्ट आहे. रायगडचा किनारा त्यात धरलेला नाही.